ठेवणीतली बॅटरी

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जमीन कुठे किती उतरते, हे माझ्या थोरल्या साडूंइतकं बारकाईने ठाऊक असलेला माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. महापालिकेच्या इंजिनियरांना फार तर पाणी कुठे तुंबतं तेवढं कळतं. साडूंना मात्र हँडब्रेक सोडल्यावर गाडी कुठून सुटेल, किती वेग घेईल आणि कुठल्या पानवाल्यासमोर जाऊन थांबेल, हे रस्त्यावर नुसतं दोन मिनिटं उभं राहून सांगता यायचं. एखाद्या भागाचं नाव काढलं की इतरांना तिथलं देऊळ आठवतं, थिएटर आठवतं, कुणाला मिसळ आठवते. यांना उतार आठवायचा. भांडुप म्हटलं की स्टेशनजवळ काही अर्थ नाही, वर डोंगराकडे जा, असं ते सांगत. महाकालीकडचा भाग सोडला तर अंधेरी हे गाडी असलेल्या माणसाने राहायचं ठिकाणच नाही असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि बोरिवलीचा विषय निघाला की ते नुसतेच मान हलवत.

याचं कारण त्यांची गाडी. ऐंशी सालच्या सुमारास त्यांनी ती एका पारशी गृहस्थाकडून जुनी घेतली होती. रंग घट्ट वरणासारखा, दारं चार, त्यांतली तीन उघडणारी. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत गाडी असलेला हा एकच माणूस, त्यामुळे माझ्या सासुरवाडीत त्यांचा मान मोठा होता. माझी बायको तर काही वर्षं मला, तुमचे साडू बघा, या तीनच शब्दांत गप्प करत असे. साडू हे नातं तसं विचित्रच. दोन परके पुरुष केवळ दोन बहिणींमुळे आयुष्यभर एकाच पंगतीला बसतात. आम्हा दोघांना त्या पंगतीत जवळ आणलं ते मात्र बहिणींनी नाही, गाडी ढकलण्याने.

गाडी बिघडलेली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिचा सेल्फ ठीक होता, बॅटरीही ठीक होती. पण साडूंचा असा सिद्धान्त होता की माणसाला जसे श्वास मोजून मिळतात तसे बॅटरीला सेल्फ मोजून मिळतात. किल्ली फिरवली की त्यातला एक गेला. मग जे काम उतार फुकटात करतो त्यासाठी बॅटरीचं आयुष्य का घालवायचं? म्हणून त्यांनी जागाही मुलुंड पश्चिमेला पार डोंगराच्या पायथ्याशी घेतली. स्टेशनपासून लांब, पाण्याची रड, भाजी आणायला पायपीट, पण इमारतीच्या फाटकाबाहेर असा सुरेख उतार होता की सकाळी नुसता ब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा, गाडी शाळेच्या कुंपणापर्यंत पोचली की क्लच सोडायचा. माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या आक्का, म्हणायच्या की ह्यांनी घर बघितलंच नाही, रस्ता बघितला.

आम्ही तेव्हा घाटकोपर पूर्वेला राहायचो, अगदी सपाटीवर. साडू सहकुटुंब जेवायला येत ते गाडीनेच, पण ती आमच्या दारात कधी आली नाही. पश्चिमेला डोंगराच्या चढावर एका मारवाड्याच्या दुकानासमोर गाडी लावून, चाकांखाली दोन दगड सरकवून, चौघं तिथून चालत, स्टेशनचा पूल ओलांडून घामाघूम होत आमच्याकडे पोचत. एकदा मी न राहवून म्हटलं की साडूभाऊ, तुम्ही सरळ बसने का येत नाही? ते शांतपणे म्हणाले, "घरची गाडी असताना बस कशाला?" दगड मात्र ते घरचेच आणत असत, डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळून.

ही सगळी वृत्ती त्यांच्या नोकरीतून आली असावी. ते औषधांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. वस्तू नीट ठेवणं आणि ती कुणाला लवकर न देणं, ही दोन कामं त्यांनी तीस वर्षं इतकी मन लावून केली की घरीही तेच चालू राहिलं. आहेरात आलेले टॉवेल, चादरी, काचेचे पेले, सगळं ठेवणीत. पाहुणा आला की अंजू, म्हणजे त्यांची थोरली, जुना टॉवेल पुढे करायची आणि हळूच सांगायची की नवीन आहेत, पण इश्यू होत नाहीत. विजेरीत सेल घातले तर ते उतरतात म्हणून सेल वेगळ्या डब्यात असत. दिवे गेले की आधी विजेरी सापडे, मग अंधारात डबा शोधावा लागे, आणि सेल घालून होईस्तोवर दिवे परत आलेले असत. साडू समाधानाने सेल पुन्हा डब्यात ठेवत, आणि तेच सेल पाच वर्षं टिकल्याचं येईल त्याला सांगत.

पण कुणाची बॅटरी उतरली की या माणसाचं वेगळंच रूप दिसायचं. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक डॉक्टर होते. एका सकाळी त्यांची गाडी काही केल्या चालू होईना. त्यांच्या पत्नीला दवाखान्यात न्यायचं होतं, डॉक्टर स्वतः घाबरलेले, आणि शेजारचे चार जण चार सल्ले देत होते. साडू अंघोळीचा पंचा नेसलेल्या अवस्थेत खाली आले. त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. आधी पुढचे दिवे लावायला सांगितले आणि समोर उभे राहून म्हणाले, आता सेल्फ मारा. मग मागे वळून जमलेल्या लोकांना त्यांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं, "सेल्फ मारल्यावर दिवा मंद झाला तर बॅटरी उतरली. दिवा तसाच राहिला आणि आवाजच नाही, तर बिचाऱ्या बॅटरीला बोल लावू नका. टर्मिनल बघा." दिवा तसाच होता. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर हिरवट पांढरी पूड साचलेली. अंजू न सांगता घरातून गरम पाण्यात सोडा घालून घेऊन आली. साडूंनी जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासलं, पुसलं, आवळलं, वर व्हॅसलिनचं बोट फिरवलं, आणि डॉक्टरांना म्हणाले की आता मारा. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. डॉक्टरांनी पुढे जन्मभर या कुटुंबाकडून फी घेतली नाही. साडूंना मात्र त्यापेक्षा याचं समाधान होतं की निदान बरोबर आलं.

दुसऱ्याच्या बॅटरीबद्दल इतकं अचूक बोलणारा हा माणूस स्वतःच्या बॅटरीबद्दल मात्र कुणाचं ऐकत नसे. आणि उतार नसेल तिथे पर्याय एकच, धक्का. धक्क्याचीही एक शिस्त होती. आक्का उजवीकडे, धाकटा पोर डावीकडे, मी असलो तर मी मध्ये, आणि सगळ्यांची मुकादम अंजू. गाडी घेतली तेव्हा ती बारा वर्षांची होती. पहिल्या वर्षातच तिला त्या गाडीची नस अशी सापडली की साडू आत बसून फक्त तिच्या आवाजाकडे कान लावून असत. ती ढकलता ढकलता गाडीचा वेग अंगात मोजायची आणि बरोबर त्या क्षणी ओरडायची, "बाबा, आता." आता म्हटलं की साडू क्लचवरचा पाय उचलत, गाडी एक गचका खाऊन सुरू होत असे. पुढचा भाग जास्त अवघड होता, कारण एकदा चालू झालेली गाडी ते थांबवत नसत. न जाणो बंद पडली तर? ती हळूहळू पुढे चालत राही, आणि आम्ही मागून धावत जाऊन, उघडणाऱ्या तीन दारांतून एकेक करून आत शिरत असू. आक्का पाचवारीत असूनही त्यांना ते जमत असे. अंजू नेहमी शेवटी यायची, चपला हातात घेऊन, हसत. कॉलेजात गेल्यावरही ती ढकलायची. तिच्या मैत्रिणी बसस्टॉपवरून बघत असायच्या. तिचा चेहरा तेव्हा थोडा उतरायचा, हे मी बघितलं होतं. साडूंनी बघितलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी बघितलं होतं. अंजू बी.एस्सी. झाली, स्थळं बघायला सुरुवात झाली, त्या महिन्यात साडू एक कोरी बॅटरी घेऊन आले. आम्हाला वाटलं सुटलो. पण ती गाडीत गेलीच नाही. मेणकापडात गुंडाळून, वर कुंकवाचं बोट लावून ती माळ्यावर, आक्कांच्या पैठणीच्या ट्रंकेशेजारी ठेवली गेली. त्या संध्याकाळी गॅलरीत उभे असताना ते मला म्हणाले, "साडूभाऊ, पोरीने आठ वर्षं मागून गाडी ढकलली. सासरी जाईल त्या दिवशी ती पुढे माझ्याशेजारी बसणार. मी किल्ली फिरवणार आणि गाडी चालू होणार. कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यासाठी ठेवलीय."

ती बॅटरी त्यांनी पावणेदोन वर्षं ठेवली. दर महिन्याला माळ्यावर चढून सहा बुचं उघडून पाणी बघायचं, दसऱ्याला झेंडूचं फूल वाहायचं, आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. एकदा भांडुपच्या गॅरेजमधल्या मालवणी इलेक्ट्रिशियनला त्यांनी ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. मी सोबत होतो. तो हातातलं काम टाकून उभा राहिला. म्हणाला, "सायबानू, बॅटरी म्हंजे काय लोणचा न्हय बरणीत घालून ठेवूक. ती वापरूक व्हयी, नायतर बसल्या जागी मरता." परत येताना घराजवळ आल्यावर साडू म्हणाले की याला बॅटऱ्या विकायच्या असतात, जी वापरलीच नाही ती संपेल कशी? स्टोअरकीपरच्या तर्काने पाहिलं तर खोट काढायला जागा नव्हती. इश्यूच नाही तर शिल्लक कमी होणार कुठून? मी इलेक्ट्रिशियनची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही, याची चुटपुट मला आजही आहे.

स्थळ जमलं ते नेमकं बोरिवलीचं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगा पोहे खात असताना साडूंनी त्याला पगाराबद्दल नाही, घरासमोरच्या रस्त्याबद्दल विचारलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला की रस्ता अगदी सपाट आहे, काही त्रास नाही. साडूंचा चेहरा पडला. आतून अंजूच्या हसण्याचा आवाज आला आणि त्यावर मुलगाही हसला, तेव्हाच आम्ही बायकांना खूण केली की हे जमलं.

लग्नाचा हॉल मुलुंड पूर्वेला, सपाट. उताराचे दोन हॉल त्यांनी हेरले होते, पण मुहूर्ताला मोकळे नव्हते. लग्नाच्या आदल्या दिवशी जुनी बॅटरी भंगारात गेली आणि सकाळी सनईच्या वेळेला साडूंनी नवी बॅटरी स्वतःच्या हातांनी बसवली. मेणकापड घडी करून ठेवलं. पण किल्ली फिरवली नाही. पहिला सेल्फ अंजू शेजारी बसल्यावरच, असं त्यांनी ठरवलेलं. त्यामुळे हॉलवर जाताना सवयीप्रमाणे ब्रेक सोडला, उतारावर दुसरा गिअर टाकला, शाळेच्या कुंपणापाशी क्लच सोडला. गाडी चालू झाली. नव्या बॅटरीत जीव आहे की नाही, हे बघायची वेळच त्या उताराने येऊ दिली नाही.

दुपारी चारच्या सुमाराला निरोपाची वेळ आली. गाडीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर नारळ. आक्का आणि माझी बायको रडत होत्या, अंजू रडत होती, व्याही घसा खाकरत उभे होते. नवरदेव मागे पाठराखिणीशेजारी बसला आणि अंजू पुढे, साडूंच्या शेजारी. असं कुठे असतं का, म्हणून वरपक्षाकडच्या एक आत्याबाई पुटपुटल्या. साडूंनी ऐकलं नाही. त्यांनी कोट नीट केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि किल्ली फिरवली.

आतून एक 'टक' आलं. बस. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. त्यांनी पुढचे दिवे लावले आणि मी, इतक्या वर्षांची सवय, आपोआप समोर जाऊन उभा राहिलो. तिसऱ्यांदा किल्ली फिरली. उन्हातही दिसत होतं, दिवा पार विझत आला. काचेतून त्यांनी नुसत्या भुवया उंचावून मला विचारलं. मी मान खाली घातली. निदान सांगायची गरज नव्हती, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. साडू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. त्यांचा चेहरा बघवेना. दहा वर्षांत मी त्यांना कितीदा हसलो असेन, पण तेव्हा त्यांना कुणी हसलं असतं तर मी त्याला धरून मारलं असतं.

वरपक्ष भला होता. व्याह्यांनी कोट काढून कुणाकडे तरी दिला, नवरदेव उतरला, सात-आठ माणसं मागे लागली. पण ढकलणं म्हणजे नुसतं बळ नव्हे. कुणी हुप्प म्हणत होता, कुणी जोर लगाके म्हणत होता, कुणी भलत्याच वेळी सोडा म्हणून ओरडला. साडूंनी त्याचं ऐकून क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन ठप्प. दुसऱ्यांदाही तेच झालं. नारळ घरंगळत खाली पडला.

मग पुढचं दार उघडलं आणि अंजू उतरली. आत्याबाई म्हणाल्या की अगंबाई, निघालेल्या मुलीने असं उतरू नये. अंजूने चपला काढून त्यांच्याच हातात दिल्या. शालूचा पदर कमरेला खोचला, डोळे पुसले, मागे आली आणि एका नजरेत सगळ्यांना जागेवर आणलं. मला म्हणाली, "काका, तुम्ही डावीकडे." मग नवऱ्याकडे वळली. लग्नाला पाच तास झाले होते. "अहो, तुम्ही मध्ये या. तो शेला आधी खोचा. आणि कुणी तोंडाने आवाज करायचा नाही." नवरदेवाने मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि निमूटपणे मध्ये उभा राहिला. त्यांचा संसार पुढे चांगला झाला, त्याचं मूळ मला त्या क्षणात दिसतं.

आक्काही रडणं थांबवून उजवीकडच्या आपल्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही ढकललं. गाडी हलली, चालू लागली, अंजूच्या हातातल्या हिरव्या चुड्याचा डिकीवर आवाज होत होता. ती मान थोडी कलती करून वेग मोजत होती, बारा वर्षांची असताना मोजायची तशीच. मग तिचा आवाज आला. नेहमीसारखा खणखणीत नव्हता, मध्येच चिरला.

"बाबा, आता."

गाडी चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही सवयीने धावायला लागलो, पण पंधरा-वीस पावलांवर गाडी थांबली. चालू गाडी साडूंनी थांबवली होती. ते इंजिन तसंच सोडून खाली उतरले, ती बंद पडेल याची पर्वा न करता वळसा घालून आले, आणि त्यांनी अंजूसाठी पुढचं दार उघडून धरलं. ती धापा टाकत, अनवाणी, हसत आणि रडत आत बसली. आत्याबाई चपला घेऊन मागून आल्या. बोरिवलीपर्यंत गाडी कुठेही बंद पडली नाही.

त्यानंतर साडूंनी भांडुपच्या इलेक्ट्रिशियनकडे जाऊन नवी बॅटरी घेतली आणि त्याच दिवशी गाडीत बसवली. त्याची बोलणीही खाली मान घालून ऐकून घेतली. आता गाडी किल्लीने चालू व्हायची. घरात नवे टॉवेलही इश्यू होऊ लागले. माळ्यावर नुसतं मेणकापड राहिलं.

दोन-तीन महिन्यांनी एकदा त्यांनी मला मुलुंडहून घरी सोडायचं कबूल केलं, अगदी दारापर्यंत. गाडी उतारावरच लावलेली होती. ती सवय गेली नव्हती. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली. गिअर टाकला. मग मात्र ते क्लचवर पाय तसाच ठेवून आरशात मागे बघत बसले. मागे रस्ता रिकामा होता. मी विचारलं की काय झालं?

"काही नाही हो," ते म्हणाले. "ती 'आता' म्हणाल्याशिवाय पायच उचलत नाही."

इंजिन चालू होतं. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण साडूच्या नात्यात तेवढी रीत नाही. मग मीच समोर बघत हळूच म्हटलं, "साडूभाऊ, आता."

त्यांनी पाय उचलला आणि गाडी निघाली.